दुष्काळी वैरणीतील नायट्रेटचे मापन : माणदेशाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण व खटाव, सांगली जिल्ह्यातील आटपाडी आणि सोलापूर जिल्ह्यातील सांगोला या तालुक्यांचा सलग प्रदेश माणदेश म्हणून ओळखला जातो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणाऱ्या या प्रदेशाला दुष्काळ नवा नाही. १९७२, २००३, २०१२-१३ आणि २०१८-१९ ही वर्षे येथील माणसांच्या आणि जनावरांच्या स्मरणात राहिलेली आहेत. खिल्लार बैल, मेंढरे, शेळ्या आणि अलीकडच्या काळात संकरित गाई हा येथील कुटुंबाच्या अर्थव्यवहाराचा मुख्य आधार आहे. पीक हातचे गेले तरी दावणीची जनावरे टिकली तर कुटुंब पुन्हा उभे राहते; म्हणूनच दुष्काळात वैरणीचा प्रश्न धान्याच्या प्रश्नाइतकाच गंभीर ठरतो.

वैरणीचा हा प्रश्न आजवर मुख्यतः परिमाणाच्या अंगाने मांडला गेला आहे. किती टन वैरण लागेल, दर जनावरी किती किलो द्यावी, कडब्याचा शेकडा दर काय, अशा भाषेत त्याची चर्चा होते. चारा छावणीचा हिशेबही वजनावरच चालतो. ही चर्चा आवश्यक आहे. परंतु पुरेशी नाही. पावसाने ताण दिलेल्या ज्वारी, बाजरी व मका या पिकांच्या ऊतींमध्ये नायट्रेट साठते आणि ठराविक मर्यादेपलीकडे ते जनावराचा जीव घेऊ शकते. वैरण मिळाली तरी ती देण्याजोगी आहे का, हा दुसरा प्रश्न येथे उपस्थित होतो आणि त्याचे उत्तर मापनाशिवाय देता येत नाही.

प्रस्तुत लेखात वनस्पती-ऊतीतील नायट्रेट मापनाच्या प्रचलित पद्धतींची माणदेशातील दुष्काळी वैरणीच्या संदर्भात चिकित्सा केली आहे. मापनाचे रसायनशास्त्र आज पुरेसे विकसित आहे. उणीव आहे ती नमुना कोठून घ्यावा, आकडा कोणत्या एककात सांगावा आणि तो शेतकऱ्याच्या हाती केव्हा पडावा या तीन बाबींत, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

नायट्रेट का साठते व कोठे साठते

वनस्पती जमिनीतून नत्र मुख्यतः नायट्रेटच्या रूपात घेते. मुळांवाटे आलेले नायट्रेट 'नायट्रेट रिडक्टेज' या विकराच्या साहाय्याने नायट्राइटमध्ये, पुढे अमोनियामध्ये आणि अखेरीस अमिनो आम्ले व प्रथिनांमध्ये रूपांतरित होते. या प्रक्रियेला सूर्यप्रकाश, पाणी आणि प्रकाशसंश्लेषणातून मिळणारी ऊर्जा लागते. पाण्याचा ताण पडला की विकराची क्रिया मंदावते. मुळांचे शोषण मात्र त्याच प्रमाणात थांबतेच असे नाही. परिणामी रूपांतर न झालेले नायट्रेट ऊतीत साचत जाते. अनेक दिवस ढगाळ हवामान राहिल्यासही असेच घडते.

ताणानंतर पाऊस पडतो तेव्हा धोका कमी होतो, असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुस्थिती काही दिवसांपुरती उलट असते. कोरड्या जमिनीत साठून राहिलेले नायट्रेट पावसाच्या पाण्याबरोबर एकदम मुळांना उपलब्ध होते आणि पीक ते वेगाने शोषते. त्याचे प्रथिनांत रूपांतर होण्यास वेळ लागतो. त्यामुळे खंडानंतरच्या पहिल्या पावसाने टवटवीत झालेले कडवळ हे पुढील काही दिवस विशेष संशयास्पद मानावे लागते. नेमक्या याच दिवसांत वैरणीला कंटाळलेला शेतकरी हिरवे कापायला आतुर झालेला असतो.

नायट्रेट वनस्पतीत सर्वत्र सारखे नसते. ज्वारी, बाजरी व मक्याच्या ताटात ते जमिनीलगतच्या खालच्या पेरांत सर्वाधिक, वरच्या पेरांत त्याहून कमी, पानांत आणखी कमी आणि दाण्यांत नगण्य असते. बांधावर उगवणारे काटेमाठ आणि चंदनबटव्याच्या जातीची तणेही नायट्रेट साठवणारी म्हणून प्रसिद्ध आहेत. टंचाईच्या काळात हीच तणे भारा बांधून घरी आणली जातात, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

प्रयोगशाळेतील पद्धती

वैरणीतील नायट्रेट व जनावरांचे मृत्यू यांचा संबंध १८९५ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस येथे मेयो यांनी मक्याच्या ताटांच्या संदर्भात मांडला. तेव्हापासून सव्वाशेहून अधिक वर्षांत मापनाच्या अनेक पद्धती रूढ झाल्या. त्यांपैकी चार प्रमुख आहेत.

पहिली, फिनॉल-डायसल्फॉनिक आम्लाची जुनी पद्धत. तिच्यात क्लोराइडची बाधा येते. खाऱ्या पाण्यावर वाढलेल्या वैरणीच्या बाबतीत ही बाधा दुर्लक्षिता येत नाही. दुसरी, कॅटाल्डो व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेली सॅलिसिलिक आम्लाची पद्धत. वाळवून दळलेल्या नमुन्याचा पाण्यातील अर्क घेऊन त्यावर तीव्र सल्फ्युरिक आम्लातील सॅलिसिलिक आम्लाची क्रिया केली जाते. नंतर सोडियम हायड्रॉक्साइडने द्रावण अल्कधर्मी केले की पिवळा रंग येतो आणि तो ४१० नॅनोमीटर तरंगलांबीवर वर्णमापकाने मोजला जातो. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही करता येण्याजोगी, कमी खर्चाची आणि भरवशाची अशी ही पद्धत आहे. तिसरी, कॅडमियमच्या साहाय्याने नायट्रेटचे नायट्राइट करून रंगमापनाने ते मोजण्याची पद्धत. ती अतिशय संवेदनशील आहे. परंतु कॅडमियम विषारी असल्याने त्याची विल्हेवाट हा स्वतंत्र प्रश्न ठरतो. चौथी, नायट्रेट-निवडक विद्युदग्राची पद्धत. तिच्यातील छोटी उपकरणे खिशात मावतात आणि पिळून काढलेल्या रसावर काही क्षणांत आकडा दाखवतात. क्लोराइडची बाधा येथेही असते आणि उपकरणाचे अंशांकन वारंवार करावे लागते.

या पद्धतींपैकी कोणतीही एक सर्वश्रेष्ठ, असे म्हणता येत नाही. मात्र एक बाब स्पष्ट करणे आवश्यक आहे. वैरणीच्या नित्याच्या पृथक्करणात केल्डाल पद्धतीने एकूण नत्र काढून त्यास ६.२५ ने गुणले जाते आणि आलेल्या संख्येस कच्ची प्रथिने म्हटले जाते. मूळ केल्डाल पद्धतीत नायट्रेटचा समावेश पूर्णपणे होत नाही, अंशतः होतो. जेवढा होतो तेवढा प्रथिनांच्या खात्यावर जमा होतो आणि जो होत नाही तो अहवालातून निसटतो. म्हणजेच ताण बसलेल्या वैरणीचा अहवाल 'प्रथिने समाधानकारक' असे सांगत असतानाच तिच्यातील नायट्रेट धोकादायक असू शकते. एकूण नत्राच्या आकड्यावरून नायट्रेटचा अंदाज बांधणे हे म्हणूनच सदोष होय.

नमुना वाळवण्याच्या रीतीचाही येथे विचार करावा लागतो. ओला नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून एसटीच्या टपावरून दोन दिवसांनी प्रयोगशाळेत पोहोचला तर वाटेतच सूक्ष्मजंतूंच्या क्रियेने त्यातील नायट्रेट बदललेले असते. नंतरचे मापन कितीही अचूक केले तरी ते शेतातल्या वैरणीचे मापन राहत नाही.

एककाचा प्रश्न

नायट्रेटच्या अहवालात सर्वाधिक गोंधळ एककामुळे होतो. एकच नमुना 'नायट्रेट', 'नायट्रेट-नत्र' किंवा 'पोटॅशियम नायट्रेट' या तिन्ही रूपांत सांगता येतो. नायट्रेट-नत्राचा आकडा सुमारे ४.४ ने गुणला की नायट्रेटचा आणि सुमारे ७.२ ने गुणला की पोटॅशियम नायट्रेटचा आकडा मिळतो. संदर्भग्रंथांत तिन्ही रूपे वापरलेली आढळतात.

याचा व्यावहारिक अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. कोरड्या वजनावर नायट्रेट-नत्र दशलक्ष भागांत १,००० पर्यंत असलेली वैरण सामान्यतः सुरक्षित मानली जाते. १,००० ते २,००० दरम्यान ती इतर वैरणीत मिसळून, विशेषतः गाभण जनावरांना बेतानेच द्यावी. त्यापुढे मिश्रणातील तिचा वाटा कमी कमी करत न्यावा आणि ४,००० च्या वर ती देऊच नये, असा निकष पशुआहारशास्त्रात रूढ आहे. आता एखाद्या अहवालात केवळ '४,०००' असा आकडा असल्याचे समजू. तो नायट्रेटचा असेल तर नायट्रेट-नत्र सुमारे ९०० ठरते आणि वैरण निर्धास्तपणे घालता येते. तोच नायट्रेट-नत्राचा असेल तर वैरण गव्हाणीत टाकणे म्हणजे जनावर गमावणे होय. आकडा एकच, निर्णय परस्परविरोधी.

ओले वजन आणि कोरडे वजन यांचा भेदही तितकाच महत्त्वाचा आहे. हिरव्या कडवळात पाण्याचा अंश शेकडा ७५ धरला, तर ओल्या वजनावर १,००० असलेला आकडा कोरड्या वजनावर ४,००० होतो. खिशातील उपकरणे रसातील प्रमाण सांगतात, निकष मात्र कोरड्या वजनाचे असतात. दुष्काळात ताटातील पाण्याचे प्रमाणच घटलेले असल्याने रसातील आकड्याचे रूपांतर करताना नेहमीचा गुणक चालत नाही. म्हणूनच नायट्रेटचे रूप, वजनाचा आधार आणि नमुन्यातील ओलावा या तीन बाबी न सांगणारा अहवाल अपूर्ण समजला पाहिजे.

नमुन्याची शिस्त : द्राक्षबाग आणि कडवळ

नमुना घेण्याच्या शिस्तीबाबत माणदेशाच्या शेजारीच एक बोलके उदाहरण उपलब्ध आहे. सांगली जिल्ह्यातील तासगाव, मिरज, कवठे महांकाळ या भागांतील द्राक्ष बागायतदार देठ परीक्षण करून घेतात. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने यासंबंधी मार्गदर्शन केले आहे. खरड छाटणीनंतर साधारण ४५ दिवसांनी पाचव्या पानाचा देठ घ्यावा, गोडी छाटणीनंतर फुलोऱ्याच्या वेळी घडासमोरील पानाचा देठ घ्यावा, पान व देठ लगेच वेगळे करावेत, ही रीत बागायतदारांच्या अंगवळणी पडलेली आहे. कोणत्या दिवशी, कोणत्या पानाचा, कोणता भाग हे ठरलेले असल्यामुळेच एका बागेचा आकडा दुसऱ्या बागेच्या आकड्याशी ताडता येतो.

कडवळाच्या किंवा बाजरीच्या बाबतीत अशी शिस्त व्यवहारात दिसत नाही. शेतकरी ज्याला वैरणीचा नमुना म्हणतो तो बहुधा वरची पाने व शेंडा असतो, कारण तोच सहज तोडता येतो. नायट्रेट मात्र खालच्या पेरांत असते. शेंड्याचा नमुना तपासून 'सुरक्षित' असा निर्वाळा मिळाला आणि जनावराने बुडखा खाल्ला, तर दोष रसायनशास्त्राचा नव्हे, नमुन्याचा ठरतो. याउलट केवळ बुडख्याचा नमुना घेतला तर संपूर्ण वैरण फेकून देण्याची वेळ येते. जनावर ज्या रूपात वैरण खाणार त्याच रूपात, म्हणजे कापणीच्या उंचीपासून शेंड्यापर्यंतचे अनेक ठिकाणचे ताट घेऊन, त्याचे तुकडे एकत्र मिसळून नमुना करणे हाच योग्य मार्ग होय.

येथे कुट्टीयंत्राचाही विचार प्राप्त होतो. अख्खे ताट टाकले असता जनावर पाने व शेंडा खाऊन जाड बुडखा बाजूला सारते. गव्हाणीत त्याचे चघळ उरते. कुट्टी केल्याने ही नासाडी वाचते आणि टंचाईत तसा सल्ला योग्यही आहे. परंतु वैरण नायट्रेटयुक्त असेल तर कुट्टीमुळे जनावराची निवड करण्याची संधीच संपते. बुडख्याकडची वीत-दीड वीत शेतात सोडून कापणी करावी, हा उपाय शास्त्राला धरून आहे. परंतु ज्या वर्षी धसकटेही वेचली जातात त्या वर्षी हा सल्ला पाळणे म्हणजे वैरणीचा मोठा हिस्सा सोडून देणे होय. सल्ला खर्चिक असेल तर तो सर्वांना सरसकट न देता जेथे मापनाने गरज सिद्ध होते तेथेच दिला पाहिजे. मापनाची खरी उपयुक्तता येथे आहे.

दोन विषे आणि दोन परीक्षा

कोवळी ज्वारी जनावराला 'लागते', हे ज्ञान माणदेशातील शेतकऱ्याला परंपरेने आहे. पोटरीत येण्यापूर्वीची ज्वारी, खोडव्याचे फुटवे आणि पावसाने ताण दिलेली खुरटलेली रोपे यांत तो जनावर सोडत नाही. या परंपरागत ज्ञानाचा आदर करूनही त्याची मर्यादा सांगणे आवश्यक आहे. हे ज्ञान मुख्यतः हायड्रोसायनिक आम्लाविषयी आहे. ज्वारीतील 'धुरिन' हे द्रव्य १९०२ मध्ये डन्स्टन व हेन्री यांनी वेगळे केले. पान चघळले गेले की त्यातून हे आम्ल मुक्त होते. नायट्रेट हे निराळे विष आहे आणि दोहोंचे वर्तन जवळजवळ प्रत्येक बाबतीत भिन्न आहे.

हायड्रोसायनिक आम्लाचा धोका कोवळ्या पानांत व फुटव्यांत अधिक. नायट्रेटचा खालच्या खोडात अधिक. हायड्रोसायनिक आम्ल कापून नीट वाळवल्याने मोठ्या प्रमाणात उडून जाते. नायट्रेट वाळवल्याने जात नाही, ते कडब्यात तसेच राहते. मुरघास केल्यास आंबण्याच्या क्रियेत नायट्रेट बरेच घटते. पूर्ण नाहीसे होईलच असे नाही. ज्वारीत दोन्ही विषे असू शकतात. बाजरीत हायड्रोसायनिक आम्लाचा धोका नाही. नायट्रेटचा मात्र आहे. माण तालुक्यात खरिपाचे मुख्य पीक बाजरी असल्यामुळे हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. 'बाजरी लागत नाही' आणि 'वाळली की भीती नाही' ही दोन्ही विधाने एका विषाबाबत खरी आणि दुसऱ्याबाबत चुकीची आहेत.

या भेदाचा परिणाम उपचारापर्यंत पोहोचतो. नायट्रेट जनावराच्या पहिल्या पोटात नायट्राइटमध्ये रूपांतरित होते. हे नायट्राइट रक्तात गेले की हिमोग्लोबिनचे मेथहिमोग्लोबिन बनते आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता नष्ट होऊ लागते. रक्त चॉकलेटी, तपकिरी दिसते. सायनाइडच्या विषबाधेत रक्त आरंभी तेजस्वी लाल दिसते. दोन्हींत धाप, अडखळणे, आडवे पडणे आणि अल्पावधीत मृत्यू ही लक्षणे सारखी आहेत. नायट्रेट विषबाधेवर मिथिलीन ब्लू हा उतारा आहे. सायनाइडवर सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट एकत्र दिले जातात. सोडियम नायट्राइटचे कार्यच मुळी काही हिमोग्लोबिनचे मेथहिमोग्लोबिन करणे हे आहे. नायट्रेटने बाधित झालेल्या जनावराला ज्वारीची नेहमीची विषबाधा समजून सोडियम नायट्राइट टोचले गेले, तर उताराच विषात भर घालतो. वैरणीची व रक्ताची परीक्षा हा येथे औपचारिक सोपस्कार राहत नाही. त्यावर जनावराचे जगणे अवलंबून असते.

मृत्यूनंतरच्या तपासणीतही मापनाची वेळ महत्त्वाची ठरते. रक्तातील मेथहिमोग्लोबिन काही तासांत बदलते. त्यामुळे उशिरा घेतलेल्या रक्ताचा उपयोग होत नाही. डोळ्यातील द्रवात मात्र नायट्रेट काही काळ टिकून राहते आणि त्याचे मापन निदानास साहाय्यभूत ठरते. पंचनाम्यात केवळ 'विषबाधेने मृत्यू' असे नमूद झाल्यास शेजारच्या दावणीला तीच वैरण पडत राहण्याचा धोका कायम राहतो.

सुरक्षिततेची मर्यादा आणि उपाशी जनावर

वर दिलेल्या सुरक्षिततेच्या मर्यादा प्रामुख्याने अमेरिकेतील अनुभवावर आधारलेल्या आहेत. तेथील जनावरांना पुरेसा आहार व दाणा मिळत असतो. पोटातील जीवाणूंना सहज पचणारे पिष्टमय पदार्थ उपलब्ध असतील तर ते नायट्राइटचे रूपांतर अमोनियात वेगाने करतात आणि विषाचा जोर कमी होतो. वैरणीतील नायट्रेट हळूहळू वाढत गेल्यास जनावराचे पोट काही प्रमाणात सरावतेही. माणदेशातील दुष्काळात या दोन्ही गोष्टींचा अभाव असतो. जनावर अर्धपोटी असते, पेंड परवडत नाही आणि हिरवी वैरण अचानक मिळते तेव्हा ते ती अधाशीपणे खाते. एकाच वेळी, थोड्या अवधीत खाल्लेले नायट्रेट दिवसभरात सावकाश खाल्लेल्या तेवढ्याच नायट्रेटपेक्षा कितीतरी अधिक घातक असते.

यावरून परकीय मर्यादा निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. त्या मर्यादा येथे वापरताना सावधगिरीच्या बाजूने वापराव्यात, एवढेच सूचित होते. उपाशी जनावराला आधी थोडा कोरडा कडबा द्यावा, मग हिरवे थोडे थोडे करून वाढवावे, ही जुन्या जाणत्यांची रीत या दृष्टीने शास्त्रशुद्ध ठरते. अर्थात तो कडबा भरवशाच्या पिकाचा असला पाहिजे. विहिरीच्या व कूपनलिकेच्या पाण्यातही नायट्रेट असू शकते. माणसाच्या पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने ही मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम ठरवली आहे. जनावरे त्याहून अधिक सहन करतात. परंतु वैरणीतील व पाण्यातील नायट्रेट यांची बेरीज होते, हे अहवाल वाचताना विसरता येत नाही.

बदलत्या परिस्थितीचाही येथे विचार केला पाहिजे. उरमोडी, जिहे-कटापूर आणि टेंभू या योजनांमुळे माणदेशाच्या काही भागांत पाणी आले आहे. पाण्याबरोबर दुधाचा धंदा, मका व संकरित नेपियरची लागवड आणि युरियाचा वापर वाढणे स्वाभाविक आहे. भरपूर नत्र दिलेले पीक आणि अचानक चुकलेली पाण्याची पाळी हा नायट्रेट साठण्यास अत्यंत अनुकूल असा संयोग होय. ओलिताखाली आलेल्या शेतात हा प्रश्न संपेल असे मानता येत नाही. त्याचे स्वरूप बदलेल, एवढेच. छावणीतील वैरणीलाही हेच लागू पडते. २०१२-१३ मध्ये व पुन्हा २०१९ मध्ये म्हसवड येथे माणदेशी फाउंडेशनने छावणी चालवली; इतरत्रही छावण्या उघडल्या गेल्या. अशा वेळी ऊस, वाढे, मका अशी वैरण दूरच्या बागायती पट्ट्यातून येते. ती कोणत्या जमिनीतली, किती खत घातलेली, ताण बसलेली की न बसलेली, हे ती गव्हाणीत टाकणाऱ्याला ठाऊक नसते. स्वतःच्या शेतातील वैरणीबाबत शेतकऱ्याजवळ जो अंदाज असतो तोही येथे नाहीसा होतो. वैरणीचे वजन करणाऱ्या काट्याशेजारी तिची परीक्षा करणारी व्यवस्था असणे म्हणूनच आवश्यक ठरते.

बांधावरची चाचणी

प्रयोगशाळेतील अहवालास चार-आठ दिवस लागत असतील तर दुष्काळात तो बहुधा इतिहास ठरतो. वैरण तोवर खाऊन झालेली असते. या ठिकाणी डायफिनाइलअमिनच्या चाचणीचा विचार करावा लागतो. अर्धा ग्रॅम डायफिनाइलअमिन वीस मिलिलिटर पाण्यात घेऊन तीव्र सल्फ्युरिक आम्लाने शंभर मिलिलिटरपर्यंत द्रावण केले जाते. ताट बुडख्याकडून उभे चिरून आतील गाभ्यावर या द्रावणाचा थेंब टाकला असता नायट्रेट असल्यास काही क्षणांत निळा रंग येतो. रंग जितका गडद व त्वरित, तितका संशय अधिक. पेरापेराने थेंब टाकत वर गेले तर निळेपणा कोठे संपतो तेही दिसते आणि कापणीची उंची ठरवता येते.

या चाचणीचे दोष झाकणे योग्य ठरणार नाही. ती नायट्रेटची निश्चित संख्या देत नाही. नायट्राइट व अन्य काही ऑक्सिडीकारक द्रव्यांनीही निळा रंग येऊ शकतो. तीव्र आम्ल असल्यामुळे ती प्रशिक्षित व्यक्तीनेच, हातमोजे व चष्मा घालून केली पाहिजे. वाळलेल्या कडब्यावर तिचे वाचन ताज्या ताटाइतके सोपे नसते. तरीही 'निळा आला नाही, वैरण घाला' आणि 'निळा आला, थांबा, नमुना प्रयोगशाळेत पाठवा' असा दुहेरी निर्णय ती दहा मिनिटांत देते. जोडीला पिक्रेट कागदाची चाचणी घेतली, तर पिवळ्या कागदाच्या विटकरी होण्यावरून हायड्रोसायनिक आम्लाचाही अंदाज येतो. दोन्ही चाचण्या शेजारी शेजारी घेतल्याने कोणत्या विषाशी गाठ आहे हे पशुवैद्यकाला आधीच कळते.

अचूक पण उशिरा येणारे मापन आणि ढोबळ पण वेळेवर होणारे मापन यांत येथे विरोध मानण्याचे कारण नाही. पहिल्याशिवाय दुसऱ्याची खातरजमा होत नाही आणि दुसऱ्याशिवाय पहिले गव्हाणीपर्यंत पोहोचत नाही. माणदेशातील विज्ञान महाविद्यालये, राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि सातारा जिल्ह्यातच शिरवळ येथे असलेले पशुवैद्यकीय महाविद्यालय यांच्या आवाक्यातील हे काम आहे. सॅलिसिलिक आम्लाची पद्धत पदवीच्या वर्गात शिकवता येते. विद्यार्थ्यांनी आपल्याच शेतातील शाळू, बाजरी व मक्याचे नमुने पावसाच्या खंडात, पहिल्या पावसानंतर आणि कापणीच्या वेळी तपासले, तर काही वर्षांत या प्रदेशाची स्वतःची नोंद तयार होऊ शकेल.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१. वनस्पती-ऊतीतील नायट्रेटचे रासायनिक मापन ही सुटलेली समस्या आहे. दुष्काळी वैरणीच्या संदर्भात नमुना, एकक व वेळ या बाबी मात्र अद्याप दुर्बल आहेत.

२. एकूण नत्र किंवा कच्ची प्रथिने यांच्या आकड्यावरून वैरणीच्या सुरक्षिततेविषयी अनुमान काढता येत नाही.

३. प्रत्येक अहवालात नायट्रेटचे रूप, वजनाचा आधार, ओलावा, वनस्पतीचा भाग आणि नमुना घेतल्याचा दिवस नमूद असणे अनिवार्य मानले पाहिजे.

४. ज्वारीविषयीचे परंपरागत ज्ञान हायड्रोसायनिक आम्लापुरते ग्राह्य आहे. नायट्रेटसाठी, विशेषतः बाजरी व कडब्यासाठी, ते अपुरे पडते आणि हा गोंधळ उपचारातही घातक ठरू शकतो.

५. सुरक्षिततेच्या प्रचलित मर्यादा पोटभर खाणाऱ्या जनावरांच्या आहेत; अर्धपोटी जनावरांसाठी त्या अधिक काटेकोरपणे वापरल्या पाहिजेत.

६. चारा छावणीत व पशुवैद्यकीय दवाखान्यात डायफिनाइलअमिन व पिक्रेट कागद या दोन चाचण्यांची सोय असणे हा अल्प खर्चातील आणि तातडीचा उपाय आहे.

ताण बसलेली प्रत्येक पेंढी विषारी असते, असा या विवेचनाचा अर्थ नाही. तशी भीती पसरल्यास टंचाईच्या वर्षी चांगली वैरणही वाया जाईल आणि त्याची किंमत जनावरालाच मोजावी लागेल. कोणती पेंढी घालावी व कोणती बाजूला ठेवावी, हे शेतकऱ्याला कापणीच्या दिवशी सांगता येणे, एवढीच या मापनाकडून अपेक्षा आहे. ती पूर्ण करण्यास आवश्यक ते ज्ञान आणि साधने आज उपलब्ध आहेत.